मयेत आपले स्वागत



हृदयरोगाची परिषद पणजी सोडून मयेत का, असे काहींनी विचारले. तळे दाखवायला, असे आम्ही सांगून टाकले. खरे कारण गावातून जाणारा खाणीच्या ट्रकांचा रस्ता.

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. आता डिचोलीचा खाण ब्लॉक चालू आहे. आमच्यातल्याच कितीतरी जणांनी कर्ज काढून खनिज वाहायला ट्रक घेतले, तेव्हा कोणाकडे बोट दाखवायचे हा प्रश्नच आहे.

आम्ही भांडलो ते या ट्रकांच्या लाल धुळीवरून. पाणी मारा, ताडपत्री बांधा! धूळ दिसते, पण जाड धुळीचा बराच भाग नाकाघशात अडकतो. चढणीवर भरलेला टिपर जो डिझेलचा धूर ओकतो, त्यातले कण 2.5 मायक्रॉनहूनही बारीक. ते फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात, दाह सुरू होतो, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्त लवकर गोठू लागते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 20 पुरुषांना व्यायाम करताना विरळ केलेला डिझेलचा धूर तासभर दिला. स्वच्छ हवेच्या मानाने त्यांच्या ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा जास्त दिसल्या. पाण्याच्या टँकरने हा धूर काही बसत नाही.

या बारीक कणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशात घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 5 सांगितली. आणि सगळे खाणीवर ढकलू नका. न्हाणीत भाणाखाली माडाची चुडते पेटवून पाणी तापवणारी आमची आईही रोज धूर गिळतेच की!

डॉक्टर मंडळींकडे एकच मागणे. छातीत दुखते म्हणून कोणी आला की तुम्ही विडी, साखर, रक्तदाब विचारता. घर ट्रकच्या रस्त्यापासून किती लांब आणि पाणी कशावर तापते, हेही केसपेपरवर लिहा. पाच वर्षांचे असे कागद जमले तर पंचायतीत आम्हाला खोकल्यापलीकडचे काही बोलता येईल.

बाहेर उभ्या गाड्यांचे चालक एसीसाठी इंजिन चालू ठेवून बसले असतील, तर आमचे स्वयंसेवक येऊन बंद करायला सांगतील. राग मानू नये. उकड्या तांदळाचे जेवण एक वाजता.