चांदी, उजेड आणि आपली टाकी

(संस्थेच्या रौप्य महोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पांढऱ्या रश्श्याचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा मी लांबण लावणार नाही. पण आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका. कोणीतरी समोर बसून घड्याळ दाखवत राहा.

रौप्य महोत्सव आहे तर चांदीवर बोला, असं सेक्रेटरींनी सुचवलं. त्यामागचं खरं कारण तुम्हाला माहीत आहे. गेल्या महिन्यात मीटिंगला एक विक्रेता आला होता. ‘उजेडानं चालू होणारं नॅनो सिल्व्हर कोटिंग’. दोन्ही टाक्यांना आतून एकदा मारलं की जंतू आपोआप मरणार, ब्लीचिंग नको, टाकी धुवायची कटकट नको. महोत्सव निधीतली शिल्लक त्यात घालावी, असा ठराव पुढच्या सभेत येतोय. माझा त्याला विरोध आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तो माणूस सगळंच खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला जरा जास्त बोलावं लागणार आहे.

चांदी जंतू मारते, हे खरं आहे. बारशाला गुजरीतून चांदीची वाटी आणायची आपली रीत आहे. ती शास्त्र म्हणून आली की हौस म्हणून, ते मी सांगू शकत नाही. पण स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी धातूंच्या अगदी सूक्ष्म अंशानंसुद्धा सूक्ष्मजीव मरतात हे पाहिलं होतं. ते काम त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ साली छापलं गेलं.

हे कसं होतं ते समजायला हुपरीचं पैंजण डोळ्यांसमोर आणा. नवं असताना लखलखतं, चार-सहा महिन्यांत काळं पडतं. वहिनी म्हणतात, चांदी खोटी निघाली. तसं नसतं हो. चांदीला गंधकाची फार ओढ. हवेत, घामात जिथं गंधक सापडेल तिथं ती त्याला धरते, आणि वर काळा थर येतो. जंतूच्या शरीरातल्या प्रथिनांतही गंधक असतो. चांदीचे सुटे, विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्या गंधकाला जाऊन चिकटतात. मग जंतूचा श्वास चालवणारी प्रथिनं बंद पडतात, त्याचं आवरण फाटतं. ज्या गुणानं पैंजण काळं पडतं, त्याच गुणानं जंतू मरतो. भाजल्यावर डॉक्टर जे पांढरं मलम लावतात, त्यातल्या बऱ्याच मलमांत चांदीच असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचं जखमेवर लावायचं जेल तयार केलं, त्याचा शोधनिबंध २००९ मध्ये आला. त्याच वर्षी भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेला टाटांचा ‘स्वच्छ’ फिल्टर बाजारात आला. आपल्यातल्या काहींच्या घरी तो होताही.

आता उजेड. चांदी आणि उजेडाचं नातं कोल्हापूरला शिकवायची गरज नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या फिल्मवर चांदीचाच क्षार असायचा. उजेड पडला की त्यात चांदीचे बारीक कण मोकळे व्हायचे आणि चित्र उमटायचं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी या गावानं उजेड आणि चांदीवर धंदा उभा केला होता!

जंतू मारायच्या प्रकारात मात्र उजेड झेलायचं मुख्य काम बहुतेक वेळा दुसरा पदार्थ करतो, टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या मदतीनं उजेडात पाण्याचे घटक वेगळे होतात हे दाखवलं. १९८५ मध्ये मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम बसवलेल्या याच पदार्थानं उजेडात जंतू मारून दाखवले. उजेड पडला की यातला इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो आणि मागे पोकळी राहते. ही जोडी पाण्यातून आणि हवेतल्या ऑक्सिजनमधून अतिशय चावरे रेणू तयार करते, आणि ते जंतूचं आवरण कुरतडतात. अडचण अशी की उठलेला इलेक्ट्रॉन लगेच परत येऊन बसतो, तासाला मागच्या बाकावरची पोरं बसायची तसा. चांदीचा कण तिथं असला की तो त्या इलेक्ट्रॉनला धरून ठेवतो. शिवाय टायटॅनियमला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. चांदीचे नॅनोकण डोळ्यांना दिसणारा उजेडही शोषतात, त्यामुळे कामाला जोर येतो. आपल्या शिवाजी विद्यापीठातही उजेडात जंतू मारणाऱ्या टायटॅनियमच्या मिश्रणांवर संशोधन झालं आहे. अभिमानाची गोष्ट आहे, भोंदूगिरी नव्हे.

मग विरोध कशाला? तर आपल्या टाकीत उजेड नाही, म्हणून. खालची टाकी जमिनीत, वरची काळ्या प्लास्टिकची. उजेड जाऊच नये अशी ती मुद्दाम बनवलेली असते, नाहीतर आत शेवाळ धरतं. अंधारात ते कोटिंग फार तर चांदीचं जुनं काम थोडंफार करेल. पण कोटिंग भिंतीला आणि पाणी मध्ये. दहा हजार लिटरच्या मधोमध तरंगणारा जंतू भिंतीपर्यंत कधी जायचा? त्यावर गाळाचा एक थर बसला की संपलंच. आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी नको, असं भारतीय मानक आहे. किती उतरते, याचा कागद मी त्या विक्रेत्याकडे मागितला. अजून आलेला नाही.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी सहा वर्षं सांगितली नाही.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. पार्किंगच्या खांबावरची खूण अजून आहे. आपल्या खालच्या टाकीचं झाकण पुराच्या पाण्याखाली होतं. शहराची उपसा केंद्रं बुडाली, नळ बंद, टँकरमागे आपण सगळे कळशा घेऊन धावत होतो. पूर ओसरला, नळाला पाणी आलं, आणि सगळ्यांना घाई झाली. कमिटीत पाणी माझ्याकडे होतं. मी टाकी उपसून घेतली, पाइपनं गाळ धुतला आणि म्हणालो, झालं, मोटर लावा. टीसीएल पावडर टाकली नाही. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतोच की, असं मनाशी म्हणालो. वरच्या टाकीपर्यंत चढलोसुद्धा नाही, गुडघा दुखत होता.

दहा दिवसांत पाच घरांत उलट्या-जुलाब. बी विंगमधली चार वर्षांची पोर तीन दिवस सलाईनवर. तेव्हा कुठे मी एका जुन्या विद्यार्थ्याकडून पाणी तपासायची एच-टू-एस बाटली आणली, आपल्या टाकीचं पाणी भरून कपाटात ठेवली. सकाळी ती डांबरासारखी काळी झाली होती. मैला मिसळल्याची खूण. ती मी कोणाला दाखवली नाही.

त्या पोरीची आई मला एकदाच म्हणाली, “सर, तुम्हाला हे माहीत नव्हतं का?” मी काहीतरी पुटपुटलो. मला माहीत होतं. वर्गात शिकवत होतो मी हे. ती पोरगी आत्ता इथं लेझीम खेळून गेली, पहिल्या रांगेत होती. काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांसमोर देतोय.

म्हणून ‘आता धुवायला नको’ असं कोणी म्हटलं की मला धडकी भरते. उजेडाचा उपयोग करायचाच तर पूर आल्यावर, वीज गेल्यावर करा. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून गच्चीवर कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली तर बहुतेक जंतू मरतात. ढग असतील तर दोन दिवस. आता पुराच्या दिवसांत कोल्हापुरात ऊन कुठलं, हे तुम्ही विचारणार, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा गॅस असेल तर उकळा.

निधीबद्दल माझी सूचना एवढीच. खालच्या टाकीचं तोंड २०१९ च्या खुणेच्या वर येईल इतकं बांधून घ्या आणि घट्ट झाकण बसवा. सध्या त्याचा कोपरा फुटलाय आणि आपण वर वीट ठेवलीय. उरलेल्या पैशांतून वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्या आणि निकाल बोर्डावर लावा, काळा आला तरी.

येत्या रविवारी सकाळी आठला दोन्ही टाक्या उपसायच्या आहेत. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे दहा हजारांना पन्नास. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं, अर्धा तास थांबायचं आणि मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट. पिवळा रंग आला तरच मोटर. चार तरुण पोरं हवी आहेत. वरच्या टाकीवर या वेळी मी चढणार आहे, शिडी धरायला कोणीतरी या.