बाळंतविडा आणि घरचे हस्तकाम
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात महिलांच्या सभेपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



नव्या बाळासाठी घरी करावयाच्या वस्तूंविषयी मी बोलावे, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा विषय किरकोळ तर नाही ना, अशी शंका एकदोघांनी बोलून दाखविली. मला तसे वाटत नाही. ज्या समाजाच्या घरोघरी सुई, कात्री आणि गज यांवर संसार चालले, तेथे हा विषय किरकोळ कसा ठरावा? श्रीनामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे नरसी गाव आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. महाराजांचा जन्म १२७० सालचा. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत आणि त्यांतील एका पदात तर गज, कात्री, सुई व दोरा ही आपल्या धंद्याची साधनेच भक्तीची साधने होऊन आली आहेत. तेव्हा या कामाचा संकोच आपण तरी करू नये.

लेक बाळंत झाली की माहेरची व आप्तेष्टांची माणसे बाळंतविडा घेऊन येतात, हा प्रघात आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आईला लुगडे-चोळी, बाळाला झबले, टोपडे, दुपटे आणि कुंची. बाराव्या दिवशी बारशाला पाळण्यावर कापडी चिमण्यांचे चिमणाळे टांगावयाचे. यांतील बहुतेक वस्तू आत्या, मावशी, आजी यांच्या हातच्या असत. हल्ली मात्र दुकानातून चकचकीत कागदात गुंडाळलेला तयार संच आणण्याची रीत पडली आहे. आणणाऱ्याला सोयीचे होते, यात संशय नाही, आणि नोकरीधंदा करणाऱ्या भगिनींना मी त्यासाठी बोल लावणार नाही. परंतु त्या संचातील कापड पुष्कळदा टेरिकॉटच्या जातीचे असते, त्यावर टिकल्या व मणी डकविलेले असतात, आणि वैशाखात आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर गेला असता त्या बाळाचे काय होत असेल, याचा विचार संच बांधणाराने केलेला नसतो. तो आपण करावयाचा.

आपल्या वृद्ध स्त्रिया तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिल्याने जुने कापड लावीत. कोणी त्याला शकुनाचे कारण देत असे. मला त्यातील व्यवहार अधिक पटतो. शंभर वेळा धुतलेल्या सुती लुगड्याला खळ राहिलेली नसते, रंग सुटावयाचा तो सुटून गेलेला असतो, आणि ते घाम व ओल टिपून घेते. नव्या कापडात यांपैकी एकही गुण नाही. दुपट्यासाठी असे जुने लुगडे वा धोतर उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, दोन किंवा तीन पदर करावेत. याहून जाड केले तर ते लवकर वाळत नाही, आणि पावसाळ्यात न वाळलेले दुपटे हे सर्दीला आमंत्रणच होय. धावदोरा काठाकडून मध्याकडे घालीत जावा, म्हणजे पदर सरकत नाहीत. दोऱ्याची गाठ वर न ठेवता पदराच्या आत दडवावी.

दुकानातील कातरणाचा उपयोग होईल का, असे पुष्कळजणी विचारतात. वाकळ किंवा गोधडी करावयाची असेल तर अवश्य होईल. बाळाच्या अंगालगत मात्र सरसकट नको. आपल्या दुकानांतून पडणाऱ्या चिंध्यांत अलीकडे शुद्ध सुती थोड्याच निघतात. पारख सोपी आहे. एक धागा चिमट्यात धरून मुले जवळ नसताना जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो व राख बोटाने चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कठीण गोळी बनते. बाजारात आपण ज्याला लोकर म्हणून विकत घेतो, त्यातील बहुतेक या तिसऱ्या जातीचे असते. ते स्वस्त असते, धुण्यास सोपे असते, थंडीच्या दिवसांत त्याची टोपी चालते. परंतु चैत्र-वैशाखात जन्मलेल्या बाळासाठी विणावयाचे झाल्यास सुती दोराच घ्यावा.

आता क्रोशाकडे वळते. ही विद्या आपल्याकडे मिशनरी बाया, मुलींच्या शाळा आणि शिवणवर्ग यांच्या वाटेने आली. पुण्यास १९०९ साली स्थापन झालेल्या रमाबाई रानडे यांच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकामाला स्त्रियांच्या स्वावलंबनाचे साधन केले. आपला भाग १९४८ पर्यंत निजामी राज्यात. येथे मुलींच्या शाळाच थोड्या. त्यामुळे हे ज्ञान बहुधा एखाद्या नव्या सुनेबरोबर घरात येई आणि जावा-नणंदांत पसरे. साखळी, मुका खांब, खांब एवढे तीन प्रकार हाताला बसले की बाळाची टोपी होते. नऊ महिने भरलेल्या बाळाचे डोके घेरात सुमारे साडेतेरा इंच असते. चार साखळ्यांचे कडे करून त्यात बारा खांब, पुढच्या फेरीत चोवीस, नंतर छत्तीस, असे वाढवीत चकती चार-सव्वाचार इंच रुंद झाली की वाढविणे थांबवावे आणि सरळ विणीत खाली यावे. चकती याहून मोठी केली तर टोपी डोळ्यांवर उतरते. विणीला ताण असतो, म्हणून मापापेक्षा किंचित लहान असलेलीच टोपी नीट बसते.

येथे सावधगिरीचे चार शब्द बोलणे मला अवश्य वाटते. जाळीदार शाल दिसण्यात सुंदर, पण तान्ह्याची बोटे तिच्या छिद्रांत अडकतात; त्याची वीण दाटच हवी. हातमोज्यांच्या आत सुटा धागा राहिला, तर तो बोटाभोवती आवळला जाऊन रक्त अडते आणि बाळ का रडते हे कोणाला उमगत नाही. म्हणून मोजे उलटे करून पाहिल्याशिवाय घालू नयेत. कुंचीची गोष्टही तशीच. खणाची, जरीच्या काठाची, आत मऊ मलमलीचे अस्तर लावलेली कुंची घालून बाळ देवदर्शनास नेण्याची आपली चाल मोठी गोड आहे. परंतु बाळ निजले की हनुवटीखालचा बंद सोडून कुंची उतरवलीच पाहिजे, आणि तिला घुंगरू वा मणी लावण्याचा मोह आवरला पाहिजे. मणी निसटला की तो थेट बाळाच्या तोंडात जातो. चिमणाळेही हाताला न लागेल इतके उंच टांगावे.

याउलट, ज्या बाळाचे वजन अडीच किलोच्या आत असते त्याला ऊब ही औषधासारखी लागते. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉक्टरांनी अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत सुरू केली. ती आता जगभर व आपल्या देशातही स्वीकारली गेली आहे. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपी एवढेच असते. टोपी यासाठी, की इतक्या लहान जिवाची पुष्कळशी ऊब डोक्यावाटे निघून जाते. आपल्या भगिनींनी अशा लहान मापाच्या सुती टोप्या करून सरकारी रुग्णालयास द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. मात्र आधी तेथील परिचारिकांना विचारावे, त्या सांगतील त्याच मापाच्या कराव्यात आणि धुऊन द्याव्यात. आपल्याला आवडेल तसे करून नेऊन टाकण्यात पुण्य नाही. अडगळ मात्र होते.

आणखी एक गोष्ट आहे. ती पुरुषमंडळींनीही ऐकावी. दोन सुयांचे विणकाम यंत्रावर निघते. क्रोशाचे खरे विणकाम मात्र आजही हातानेच करावे लागते. म्हणजे दुकानात क्रोशाची वस्तू कवडीमोलाने मिळत असेल, तर ती कोणा बाईने कवडीमोलाने विणली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा असंख्य कुटुंबांना क्रोशाच्या लेसने चार घास दिले, हे खरे. परंतु आंध्रातील नरसापूरची हकीकत निराळी आहे. तेथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात ही कला रुजविली, लेस परदेशी जाऊ लागली, व्यापारी सधन झाले. मारिया मीस या जर्मन विदुषीने तेथील स्त्रियांवर लिहिलेला ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणणाऱ्या त्या बायांना कामगार म्हणून कोणी मोजतच नव्हते. त्या घरी रिकामा वेळ घालविणाऱ्या गृहिणी आहेत, असे सांगून त्यांना अत्यल्प मजुरी दिली जाई, असे तिने दाखवून दिले.

नरसापूर दूर आहे असे कोणी समजू नये. आपल्या समाजात एखादीचा हात चांगला आहे असे कळले की दहा घरांतून निरोप येतात, "ताई, आमच्या नातवाला एक शाल करून द्या ना, तुम्हाला काय, बसल्या बसल्या होते." बसल्या बसल्या होत नाही, बांधवांनो. पाळण्यापुरत्या दाट विणीच्या शालीला सरावलेल्या हातालाही तीस तासांच्या आसपास लागू शकतात, तेही घरचे सारे आटोपल्यावर, दिव्याखाली डोळे ताणून. शिंप्याच्या दुकानात सदरा शिवून घेऊन "दोऱ्याचे पैसे तेवढे घ्या" असे आपण कोणाला म्हणू देत नाही. मग घरातल्या सुईला तो न्याय का नसावा? सख्ख्या भाचीसाठी मावशीने विणले तर ती माया आहे, तिचा हिशेब कोणी मांडू नये. मात्र दूरच्या ओळखीवर सांगितलेल्या कामाला दोऱ्याची किंमत अधिक तासांची मजुरी द्यावी, आणि ती रक्कम काम करणाऱ्या बाईच्या हाती द्यावी, तिच्या यजमानांच्या नव्हे. घेणाऱ्या भगिनीनेही भीड न धरता दर आधी सांगावा. पुढच्या मेळाव्यापर्यंत महिला शाखेने अशा कामांचे साधारण दर ठरवून ते छापावेत. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात आपल्या भगिनींनी केलेल्या वस्तू मांडावयाच्या झाल्या, तर प्रत्येक वस्तूवर किंमत आणि करणारीचे नाव असलेली चिठ्ठी लावावी.

ज्या मुलींना शिकावयाचे असेल त्यांनी सुती दोऱ्याचे एक गुंडे आणि मध्यम आकड्याची सुई आणावी. आज दुपारच्या फराळानंतर आतल्या दालनात मी व आणखी दोघीजणी बसणार आहोत. मुलगे आले तरी त्यांना परत पाठविणार नाही. गुरुग्रंथातील ते पद रचणारे महाराज शिंप्याचेच पुत्र होते.