साडीची उलटी बाजू दाखवा

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात, सिकंदराबाद येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



साड्यांवर बोलायला रेल्वेतला माणूस का उभा केला, हा प्रश्न मला इथून तुमच्या चेहऱ्यांवर वाचता येतो आहे. कार्यकारिणीत 'ऑनलाइन हातमागाची साडी कशी घ्यावी' हा विषय ठरला तेव्हा चिटणीस वहिनी म्हणाल्या, "भावजी, वर्कशॉपात आलेला प्रत्येक पार्ट तुम्ही तपासून घेता ना? मग साडी तपासायची कशी तेही तुम्हीच सांगा." मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. कुठला रंग कुणाला खुलेल ते आमच्या सौ.ला विचारावे. पण माग हे शेवटी एक यंत्रच आहे. कोणत्या मागावर काय होऊ शकते आणि काय सहज होत नाही, एवढे माझ्या आवाक्यातले आहे, आणि तेवढ्याच बळावर मी बोलणार आहे.

आपण राहतो तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर पोचमपल्ली आहे. आपल्या विनोबांना 18 एप्रिल 1951 रोजी वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झाले, ते हेच गाव. म्हणून त्याला भूदान पोचमपल्ली म्हणतात. तिथल्या इकत कापडाला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळाले. ही साडी इथे सगळ्यांच्या अंगावर दिसते आणि नकलाही हिच्याच सर्वांत जास्त होतात, म्हणून हिच्यापासूनच सुरुवात करू.

इकतमध्ये कापड विणून मग रंगवत नाहीत. आधी धागाच ठिकठिकाणी घट्ट बांधतात आणि रंगात बुडवतात. बांधलेली जागा कोरी राहते. असे पुन्हा पुन्हा बांधत, सोडत, रंगवत गेले की नक्षी धाग्यातच तयार होते. मग विणकर तो धागा मागावर जुळवत विणतो. हाताने जुळवताना केसभर पुढे-मागे होतेच, त्यामुळे नक्षीच्या कडा थोड्या पिसासारख्या फुटलेल्या दिसतात. आणि धागा आरपार रंगलेला असल्याने साडीची उलटी बाजू सुलटीइतकीच गडद असते. छापील नकलेत नक्षीची कड ब्लेडने कापल्यासारखी सरळ असते आणि पाठ फिकट. अजून खात्री हवी असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढा. छापील कापडात उभ्या-आडव्या धाग्यांची जिथे गाठ पडते तिथे रंग पोहोचत नाही. धाग्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात.

आता हे ऑनलाइन कसे पाहणार? पडद्यावर बोट फिरवून धागा कळत नाही. म्हणून विक्रेत्याला मागायची पहिली गोष्ट म्हणजे उलट्या बाजूचा फोटो, दिवसाच्या उजेडातला, जवळून काढलेला. मॉडेलचे बारा फोटो असतात, उलट्या बाजूचा एकही नसतो. खऱ्या मालाचा विक्रेता तो पाच मिनिटांत पाठवतो. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावे.

आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याने मुलीच्या साखरपुड्यासाठी 'प्युअर हँडलूम पोचमपल्ली सिल्क' अशी साडी मागवली. चौदा हजारांची. घरात सर्वांना आवडली, लगेच फॉल-पिकोला गेली. शिवणाऱ्या बाईंनीच सांगितले, साहेब, ही छापलेली आहे आणि रेशीमही नाही. परत करायला गेले तर उत्तर आले, फॉल लावलेला माल घेत नाही. मुलगी तीच साडी नेसून पाटावर बसली. काही बोलली नाही, पण वडिलांचा चेहरा मी पाहिला आहे. तेव्हा भगिनींनो, पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा आणि पूर्ण तपासणी होईपर्यंत फॉल-पिको नको.

गद्वालची गंमत वेगळी. अंग सुती, काठ आणि पदर रेशमी. अंगाचा आडवा धागा काठात शिरत नाही. डाव्या काठाला एक धोटा, अंगाला दुसरा, उजव्या काठाला तिसरा, आणि प्रत्येक फेरीत दोन धागे एकमेकांत अडकवायचे. काठ उजेडासमोर धरला की ही सांधणी दिसते, मागून बोटाला बारीक कंगोराही लागतो. साध्या यंत्रमागावर एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, त्यामुळे अंगाचा रंग काठात मिसळलेला दिसतो. म्हणून गद्वाल घेताना दुसरा फोटो मागायचा, तो काठाच्या सांध्याचा.

आता पैठणी. सर्वजणी त्याचीच वाट पाहत आहात हे मला माहीत आहे. पैठणीला 2010 मध्ये जीआय मिळाले. पैठण आणि येवला ही तिची गावे. खऱ्या पैठणीच्या पदरावरचा मोर धोट्याने विणत नाहीत. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते; मोराच्या मानेचा निळा मानेपुरताच जातो, तिथे शेजारच्या रंगात अडकतो आणि मागे वळतो. म्हणून पदर उलटा केला तरी मोर जवळजवळ तसाच. नकलेत मात्र मागच्या बाजूला या मोरापासून त्या मोरापर्यंत मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. बांगडी, अंगठी त्यात अडकली की संपले! पण एक सावधगिरी: हा नियम बनारसीला लावू नका. बनारसच्या अस्सल हातमागावरही एका पद्धतीत मागे धागे सुटतात आणि नंतर कापतात. प्रत्येक साडीची कसोटी तिच्या विणीप्रमाणे. आमच्याकडेही चाकाचे गेज ब्रेकला लावत नाहीत.

काठाला टाचणीची भोके असली की हातमाग, असे खूपजण सांगतात. कापड ताणून धरणाऱ्या दातांची ती खूण असते हे खरे, पण यंत्रमागालाही तसे दात असतात. त्यामुळे नुसत्या भोकांवर जाऊ नका.

आता शिक्क्यांबद्दल. इथे घोटाळा फार होतो. सिल्क मार्क हा केंद्रीय रेशीम मंडळाशी जोडलेल्या संस्थेचा, 2004 पासूनचा. तो सांगतो की रेशीम शुद्ध आहे. साडी हातमागाची आहे असे तो म्हणतच नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो मिळू शकतो. हँडलूम मार्क 2006 चा. तो विणण्याबद्दल बोलतो, रेशमाबद्दल नाही. 7 ऑगस्ट 2015 च्या पहिल्या राष्ट्रीय हातमाग दिनापासून इंडिया हँडलूम ब्रँड आला, त्यात दर्जाही पाहतात. आणि जीआय सांगते मूळ प्रदेश व पद्धत. चार शिक्के, चार वेगळी उत्तरे. रेशमी हातमाग हवा असेल तर पहिले दोन्ही मागा, आणि लेबलवरचा क्रमांक पडताळून घ्या. आमच्याकडे मालाबरोबर इन्स्पेक्शन सर्टिफिकेट येते, तरी आम्ही गेज लावतोच.

वर्णनातले शब्दही सावकाश वाचा. 'पोचमपल्ली प्रिंट', 'इकत पॅटर्न', 'सेमी पैठणी', 'हँडलूम फिनिश', 'सिल्क ब्लेंड'. यांत खोटे काही नाही, आपणच घाईत अर्धे वाचतो. 'आर्ट सिल्क'मधले आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल. आणि थोडा हिशोब करा. भरीव रेशमी साडीचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास, तुतीच्या रेशमाचा भाव किलोला हजारांत. मग बाराशे रुपयांत शुद्ध रेशमाची साडी कशी बसणार? त्यात धाग्याचेही पैसे निघत नाहीत, मजुरी दूरच. महाग आहे म्हणून अस्सल, असे मात्र उलटे समजू नका. चौदा हजारांचा दाखला आत्ताच दिला.

रेशीम घरी तपासायचे तर गोंड्याचे दोन धागे जाळा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे स्वयंपाकघरात, खिडकी उघडी ठेवून, आणि साडीपासून लांब.

फसवणूक झालीच तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. आपण बदल्यांवर फिरणारी माणसे, आपल्याला हे कलम फार सोयीचे आहे.

आता जरा कटू बोलतो. आपणही अस्सल साडी परत पाठवतो. एका धाग्याला गाठ आहे, काठ शेवटी बोटभर वाकडा आहे, फोटोपेक्षा रंग अर्धी छटा वेगळा आहे, म्हणून 'डिफेक्टिव्ह'. भोक असेल, रंग जात असेल तर जरूर परत करा. पण तुटलेला धागा हाताने जोडला की गाठ येणारच. 2019-20 च्या हातमाग गणनेत पस्तीस लाखांहून अधिक माणसे या कामात होती, त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया. इथलेच उदाहरण घ्या. चिंतकिंदी मल्लेशम यांच्या आई इकतचा धागा खुंट्यांवर गुंडाळत. एका साडीसाठी हात हजारो वेळा पुढे-मागे न्यायचा. खांदे दुखून यायचे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या या मुलाने त्या कामासाठी 1999 मध्ये यंत्र बनवले, त्याला आईचेच नाव दिले, लक्ष्मी आसू. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डिप्लोमा, डिग्री काही नसताना! कुणी विचारील, मग ती साडी हातमागाची राहिली का? राहिली. यंत्राने फक्त धागा गुंडाळला, विणतात हातानेच. छापील नक्कल बाजारात येते तेव्हा तिची स्पर्धा त्या गुंडाळणाऱ्या खांद्यांशी असते.

बाजूच्या टेबलावर सौ.ने चार तुकडे मांडले आहेत: एक इकत, एक छापील, एक गद्वालचा काठ, एक यंत्रमागावरच्या पैठणीचा पदर. मुद्दामच सगळे सुलटे ठेवले आहेत. आरतीला अजून अर्धा तास आहे. रांगेने या, हात लावा, उलटे करा. भिंग माझ्याकडे आहे, वर्कशॉपचे नाही, स्वतःचे.