लेकराला घेऊन बाहेर पडताना

कोल्हापुरात मंगळवार पेठेतून अंबाबाईच्या दर्शनाला किंवा रंकाळ्यावर निघायचं आणि सोबत दोन-अडीच वर्षांचं लेकरू. अशा वेळी एका खांद्यावरची पर्स नको, हातातली पिशवी तर नकोच. पाठीवरची सॅक घ्या. मिरजकर तिकटीच्या गर्दीत मूल हात सोडवून धावलं, तर आपले दोन्ही हात मोकळे हवेत. पट्टे रुंद आणि मऊ बघा. बारीक पट्टे खांद्यात रुततात. बाटलीचा कप्पा बाहेरून असावा. आतलं अस्तर फिकट असलं की चमचा, रुमाल चटकन सापडतो. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून कापड पाणी न झिरपणारं हवं. ओल्या कपड्यांना चेनची वेगळी पिशवी ठेवाच. कपड्यांचा एक जोड, लंगोट, टॉवेल, घरचा खाऊ एवढं पुरे. पन्हाळ्याला जाणार असाल, तर टोपी आणि ओआरएसचं पाकीट वाढवा. एक लिटरचं पाकीट असेल, तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं आणि द्रावण 24 तासांत संपवायचं. औषधं, सुटी नाणी मुलाच्या हाताला लागू देऊ नका. आणि बॅग विकत घेण्याआधी मुलाला कडेवर घेऊन, ती पाठीला लावून दुकानातच चार पावलं चालून बघा.