तान्ह्या बाळाचा मधुमेह: आधी जनुक तपासा

मधुमेहाचे दोन प्रकार आता आपल्याकडे वाडी-तांड्यावरही माहीत झाले आहेत. एक लहानपणी होणारा, ज्यात इन्सुलिनचं इंजेक्शन जन्मभर घ्यावं लागतं. दुसरा मोठेपणी होणारा, जो बरीच वर्षं गोळ्यांवर चालतो. यांच्याखेरीज आणखी एक गट आहे. यात दोष असतो तो एकाच जनुकात, आणि तो ओळखला तर उपचारच बदलतो. म्हणून माझं म्हणणं असं, की वयाचे सहा महिने पूर्ण होण्याआधी ज्या बाळाला मधुमेह निघाला, त्याच्या जनुकाची तपासणी झालीच पाहिजे. मग ते बाळ पुण्या-मुंबईचं असो की किनवट, माहूर, निलंग्याचं. पहिला प्रकार या वयात जवळजवळ दिसतच नाही. तरीही अशा बाळाच्या कागदावर ‘टाइप वन’ लिहिलं जातं आणि पुढे त्याचा कुणी फेरविचार करत नाही.

तपासणीनं काय साधतं ते पाहू. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्सुलिन बनवतात, त्यांच्या आवरणात पोटॅशियमची ये-जा सांभाळणारं एक सूक्ष्म दार असतं. रक्तातली साखर वाढली की ते बंद होतं आणि पेशी इन्सुलिन सोडते. हे दार घडवणाऱ्या जनुकात बिघाड असला, तर ते उघडंच राहतं. इन्सुलिन पेशीत तयार असतं, पण बाहेर येत नाही. केसीएनजे-11 या जनुकातला हा दोष 2004 साली इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या अँड्र्यू हॅटर्सले यांच्या गटानं दाखवून दिला. सल्फोनिलयुरिया गटातली ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी नेमकं हेच दार बंद करते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दोष असलेल्या 49 जणांना ही गोळी दिली गेली, आणि त्यांतल्या 44 जणांचं इन्सुलिन पूर्ण सुटलं. साखरही आधीपेक्षा चांगली आटोक्यात आली. पुढे 81 रुग्णांचा सुमारे दहा वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा 75 जण केवळ या गोळ्यांवरच होते. दिवसातून तीन-चार वेळा तान्ह्या लेकराला सुई टोचणाऱ्या आईसाठी याचा अर्थ काय, हे मी वेगळं सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो आजार दुर्मीळ असल्याचा. तो खराच आहे. जगभरचा अंदाज लाख जन्मांमागे एखाद्या बाळाचा आहे. 2011 च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे 58 लाख होती. त्या हिशेबानं दोन्ही जिल्ह्यांत वर्षाकाठी साधारण एक बाळ येतं. पण हे एक बाळ आपल्या नजरेला पडतं का? त्याची साखर वाढत जाते, अंगातलं पाणी कमी होतं, रक्तात आम्ल साठतं, धाप लागते. अशा बाळाला न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग समजून औषध सुरू होणं अगदी शक्य आहे. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरच्या पट्टीवर साखर पाहिली तर क्षणात कळतं, आणि ही पट्टी ग्रामीण रुग्णालयातही असते. आजार दुर्मीळ म्हणून तपासायचंच नाही असं ठरवलं, तर तो कागदावर आहे त्याहूनही दुर्मीळच दिसत राहणार.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे आणि ती मोकळेपणानं बोलायला हवी. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांची मांडणी केली, तेव्हा महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं. मामाची मुलगी करण्याची चाल या पट्ट्यातली. देगलूर-बिलोलीला तेलंगण लागून आहे, उदगीर-निलंग्याला कर्नाटक. मुस्लिम कुटुंबांत चुलत घरातही सोयरीक होते. अशा लग्नांत आई-वडील दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेला एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. दोघंही ठणठणीत असतात, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून ‘आमच्या घराण्यात कुणालाच शुगर नाही’ हे उत्तर ऐकून तपासणी सोडून देणं चूक आहे. अशा दोन प्रतींच्या विकारांपैकी वोल्कॉट-रॅलिसन या विकारात यकृत अचानक निकामी होऊ शकतं, तेव्हा बाळाला साध्या तापातही जपावं लागतं. वुल्फ्राम विकार सहसा थोड्या मोठ्या वयात सुरू होतो, आणि त्यात पुढे नजर आणि ऐकणं जातं. आणखी एका विकारात मधुमेहासोबत रक्तक्षय आणि बहिरेपण असतं. त्यातला रक्तक्षय बी-1 जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं सुधारतो, इन्सुलिनची गरजही अनेकदा कमी होते. साखरेचा आकडा तिन्ही विकारांत वाढलेलाच, पण काळजी तीन तऱ्हेची.

मग पंचविशीच्या आत मधुमेह झालेल्या प्रत्येकाची जनुकं तपासायची का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. ‘मोडी’ नावाचा एका जनुकाचा मधुमेह युरोपात ओळखतात तो तरुण वय, सडपातळ बांधा आणि सलग दोन-तीन पिढ्यांतला आजार यांवरून. आपल्याकडे साधा टाइप टूसुद्धा कमी वयात, बारीक अंगाच्या माणसाला आणि अख्ख्या घराला होतो. तेव्हा आधी टाइप वनची खूण असणारी प्रतिपिंडं आणि शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारं सी-पेप्टाइड तपासावं, आणि त्यातून शंका उरली तर जनुकाकडे वळावं. मात्र ग्लुकोकायनेज जनुकाचा प्रकार लक्षात ठेवावा. यात उपाशीपोटीची साखर जन्मभर थोडी वर, शंभर ते एकशे पंचेचाळीसच्या आसपास असते. गरोदरपण सोडलं तर यात सहसा औषध लागत नाही, आणि पन्नास वर्षांनीही डोळे-मूत्रपिंडांचं गंभीर नुकसान सहसा दिसत नाही. अशा माणसाला गोळ्यांमागून गोळ्या देणं निव्वळ खर्च आहे. पण एक कळकळीची सूचना: हे ऐकून कुणीही आपल्या मुलाचं इन्सुलिन परस्पर बंद करू नये. मधुमेह असलेल्या बहुतेक मुलांना टाइप वनच असतो, आणि त्यात इंजेक्शन थांबवणं जिवावर बेततं. इन्सुलिनवरून गोळीवर आणायचं ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखालीच.

पैशाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतं. बाळाला प्रवास नाही. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये या जनुकांवर बरंच काम झालं आहे, आणि नऊ महिन्यांच्या आत निदान झालेल्या बाळांची तपासणी एक्झेटरची प्रयोगशाळा मोफत करत आली आहे. नांदेडचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था यांनी अशा बाळांची नोंद ठेवून नमुना पाठवण्याची जबाबदारी घेतली, तर तालुक्याच्या डॉक्टरला पत्ता शोधत बसावं लागणार नाही. खरी भीती वेगळीच असते: मुलीच्या लग्नाची, आणि सुनेवर येणाऱ्या ठपक्याची. त्या ठपक्याला तपासणीचा कागदच उत्तर देतो. पोटॅशियमच्या दाराचा दोष बहुतांश बाळांत नव्यानंच उद्भवलेला असतो, तो ना आईकडून येतो ना वडिलांकडून. आणि दोन प्रतींच्या विकारात दोघांचा वाटा अगदी सारखा असतो. पुढच्या गरोदरपणाआधी हे समजलं, तर बाळंतपण कुठे करायचं आणि बाळाची साखर पहिल्या दिवसापासून कुणी तपासायची, हे घरच्यांना आधीच ठरवता येतं.