डब्याची मागची बाजू

भारतातील कोणत्याही शहरातल्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघराची फळी पाहावी. घर इंदूरचे असो, बडोद्याचे असो, हैदराबादचे असो की तंजावरचे असो, त्या फळीवर काही वस्तू हटकून सापडतात. दुधात घालावयाच्या माल्टच्या भुकटीचा डबा, ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटांचा पुडा, फळांच्या रसाचे खोके आणि अलीकडच्या काळात न्याहारीच्या तयार धान्याचे पाकीट. या वस्तू चैन म्हणून कोणी आणलेल्या नसतात. मुलांची उंची वाढावी, अभ्यासात त्यांचे लक्ष लागावे, वडीलधाऱ्या माणसांचे पोट साफ राहावे, अशा सद्हेतूने त्या घरात आलेल्या असतात. त्यांच्यासाठी खर्च होणारा पैसा म्हणजे कर्तव्याचा भाग, असेच गृहिणी समजते. वेष्टणावर जे आरोग्य छापलेले आहे ते आतल्या पदार्थात कितपत आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्यापाराचा राहत नाही, तो कुटुंबाच्या विश्वासाचा होतो.

जिलेबीची गोष्ट निराळी आहे. जिलेबी पौष्टिक असल्याचा दावा हलवाई करीत नाही आणि खाणाराही तशी समजूत करून घेत नाही. ती गोड आहे हे उघड असते, आणि उघड असते म्हणूनच तिला मर्यादा असते. सणावाराला, लग्नकार्याला, फार तर एखाद्या रविवारी ती पानात येते. मुलाने रोज सकाळी जिलेबी मागितली तर कोणतीही आई त्याला रागावेल. परंतु तीच साखर ‘शक्तिवर्धक’ या नावाने डब्यात भरून आली की रागावणे दूरच, मूल नको म्हणाले तरी आई त्याला आग्रहाने पाजते. समाजाने गोडाला रूढीने घातलेली मर्यादा आरोग्याच्या नावाने अशी नाहीशी होते. या विषयाचे खरे मर्म येथे आहे. साखर पूर्वीही होतीच, पण ती औषधाच्या वेषात रोज दोन वेळा घरात येत नव्हती.

माल्टच्या पेयाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. माल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून दळलेले धान्य, बहुधा जव. धान्याला मोड येऊ लागले की त्यातील पाचक द्रव्ये जागी होतात आणि पिष्टाचे सोप्या शर्करेत रूपांतर करू लागतात. त्यामुळे ते पचावयास हलके होते. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या मूळच्या इंग्रज बंधूंनी १८७३ साली अमेरिकेत शिकागो येथे या तत्त्वावर धंदा उभारला, आणि १८८३ साली दूध व माल्ट एकत्र वाळवून केलेल्या भुकटीचे पेटंट मिळविले. ती तान्ह्या मुलांसाठी आणि आजारी माणसांसाठी होती. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या हिंदी सैनिकांबरोबर हे पेय या देशात आले, असे सांगितले जाते. पुढे तशीच इतर पेये आली. ज्या काळात दूध पुरेसे मिळत नव्हते आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाला काय द्यावे हा प्रश्न होता, त्या काळात अशा भुकटीला काही अर्थ होता. परंतु आजाऱ्याचा आहार निरोगी मुलाच्या रोजच्या पेल्यात शिरला आणि चवीसाठी कोको व साखर यांचे प्रमाण वाढत गेले, तेव्हा मूळ हेतू मागे पडून केवळ नाव शिल्लक राहिले.

आता थोडे अंकगणित करावे. अशा एका प्रसिद्ध भुकटीच्या शंभर ग्रॅममध्ये ३७.४ ग्रॅम वरून मिसळलेली साखर होती. २०२३ साली या विषयावर देशभर चर्चा झाली, तेव्हा त्या वर्षाच्या अखेरीस हे प्रमाण ३२.२ ग्रॅमवर आणण्यात आले. म्हणजे सुधारणा होऊनही डब्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा साखरेचा राहिला. एका पेल्यात वीस ग्रॅम भुकटी घातली तर साडेसहा ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. बहुतेक घरांत त्यावर आणखी एक चमचा साखर पडते, ती चार-पाच ग्रॅम. दिवसाचे दोन पेले धरले तर ही बेरीज बावीस ग्रॅमच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सांगितले की, अशा साखरेतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावेत आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत राहावेत. पाचसहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे साडेतेराशे उष्मांक लागतात. त्याचे पाच टक्के म्हणजे सुमारे सतरा ग्रॅम साखर. अर्थात बिस्किट, जॅम, रस यांतले काहीही तोंडात जाण्यापूर्वी केवळ ‘पौष्टिक’ दुधानेच ही इष्ट मर्यादा ओलांडली जाते.

फळांच्या रसाच्या खोक्याचीही तीच कथा. खोक्यावर रसरशीत आंब्याचे किंवा सफरचंदाचे चित्र असते, मात्र फळ किती टक्के आहे ते बारीक अक्षरांत मागे दिलेले असते. शंभर मिलिलिटरला बारा-तेरा ग्रॅम साखर असलेले दोनशे मिलिलिटरचे खोके मुलाने शाळेच्या मधल्या सुट्टीत रिकामे केले की चोवीस-पंचवीस ग्रॅम साखर पाच मिनिटांत पोटात गेली. संबंध फळ खाताना चावावे लागते, त्यातील चोथ्याने पोट भरते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. रसात तो चोथा राहत नाही. घट्ट केलेल्या रसात पुन्हा पाणी घालून तयार केलेल्या पेयांवर ‘शंभर टक्के फळांचा रस’ असे छापू नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला २०२४ च्या जूनमध्ये काढावा लागला, यावरून या शब्दांचा वापर किती सैल झाला होता हे ध्यानात येईल.

‘डायजेस्टिव्ह’ या नावाने पुष्कळांची समजूत अशी होते की, हे बिस्किट अन्न पचवते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हे नाव रूढ झाले ते त्यातील खाण्याच्या सोड्यामुळे. सोड्याने पोटातील आम्लता शमते, अशी त्या वेळची कल्पना होती. भट्टीत भाजल्यावर सोड्याचा तो गुण फारसा उरत नाही, नाव मात्र चिकटून राहिले. आज अशा कित्येक पुड्यांवर घटकपदार्थांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे, नंतर पामतेलाचे आणि साखरेचे असते. ज्या गव्हाच्या कोंड्याचा गवगवा पुढच्या बाजूस केलेला असतो, त्याला यादीत बरेच खाली स्थान मिळालेले दिसते.

येथवरच्या उदाहरणांतील हानी सावकाश होणारी आहे. परंतु नावाचा गैरवापर तातडीच्या वेळी किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण जलसंजीवनीचे आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मिसळलेले पाणी रुग्णांना पाजून असंख्य जीव वाचविले. पुढे या द्रावणाचे प्रमाण जगभर निश्चित झाले. आज एक लिटर पाण्यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे ते प्रमाण आहे. यात साखर आहे ती चवीसाठी नव्हे. आतड्याने मीठ व पाणी शोषून घ्यावे यासाठी ती मोजून घातलेली आहे. हे प्रमाण बिघडून साखर फार वाढली तर आतड्यातच पाणी ओढले जाते आणि जुलाब वाढू शकतात. असे असूनही ‘ओआरएस’ ही अक्षरे नावात मिरवणारी गोड पेये कित्येक वर्षे औषधांच्या दुकानांत विकली जात होती, आणि जुलाबाने ग्लानी आलेल्या मुलासाठी आईबाप धावत जाऊन तीच आणीत होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध चिकाटीने दाद मागितली. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने अशा पेयांना हे नाव वापरण्याची दिलेली मुभा काढून घेतली. तीन अक्षरांच्या आधारावर बाजारात केवढी उलाढाल चालते आणि त्याच अक्षरांवर आईबाप किती भिस्त ठेवतात, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

कायदा अगदीच स्वस्थ बसलेला आहे असे नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मध्ये ‘हेल्थ ड्रिंक’ नावाच्या पदार्थाची व्याख्याच नाही. म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने इंटरनेटवरून विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना असे कळविले की, अशी पेये त्या सदराखाली मांडू नयेत. पुढच्या बाजूस पदार्थाचा दर्जा ताऱ्यांनी दाखवावा, असा मसुदा २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यावर मोठा वाद झाला. कारण वाईट पदार्थालाही एखादा तारा मिळतोच आणि तारा हे चिन्ह शाबासकीचे आहे. चिली देशाने २०१६ साली निराळा मार्ग पत्करला. साखर, मीठ, स्निग्धांश किंवा उष्मांक फार असतील तर वेष्टणाच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोन छापावा लागतो. आपल्याकडे शाकाहारी पदार्थावरील हिरवा ठिपका निरक्षर माणसालाही क्षणात ओळखता येतो. साखरेबाबतही असाच नजरेला पडणारा सरळ इशारा देता येणे अशक्य नाही.

तोपर्यंत डबा उलटा करून पाहणे हाच उपाय. पुढची बाजू ही जाहिरात असते; मागची बाजू ही कायद्याने द्यावयास लावलेली साक्ष असते. ती वाचण्यास रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे असा नियम आहे. पहिल्या तीन नावांत साखर किंवा मैदा असेल तर तो पदार्थ मुख्यतः साखरेचा किंवा मैद्याचा, हे समजून चालावे. साखर एकाच नावाने येते असेही नाही. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, मध, गूळ अशी तिची अनेक नावे आहेत. त्यांची वाटणी झाली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि बेरीज लपून राहते. माल्टोडेक्स्ट्रिन हा पदार्थ नावाने साखर नसला तरी रक्तातील साखर तितक्याच वेगाने वाढवतो. शेवटी तक्त्यातील ‘अ‍ॅडेड शुगर’ अर्थात मिसळलेल्या साखरेचा आकडा पाहावा, आणि तोही शंभर ग्रॅमचा पाहावा. कारण एका वेळच्या मात्रेचा आकडा लहान दिसावा म्हणून मात्राच लहान धरलेली असण्याचा संभव असतो.

याचा अर्थ डब्यात भरलेले सारेच टाकाऊ, असा कोणी करू नये. आयोडीनयुक्त मीठ पाकिटातूनच येते आणि त्याने गलगंडासारख्या व्याधीला मोठा आळा घातला. खरी जलसंजीवनीही पुडीतूनच येते. उलट घरी केलेला लाडू गुळाचा आहे म्हणून कितीही खावा, हेही खरे नव्हे. त्याचप्रमाणे सकाळी सहाला उठून, डबे भरून, आठची गाडी गाठणाऱ्या स्त्रीला ‘सगळे घरीच करा’ असे सांगणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. तिचा वेळ वाचविण्याचे आश्वासन डब्याने दिले, त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. आरोग्य सांगून साखर विकली, हा दोष विकणाऱ्याचा आहे.

परंतु माल्टचे जे शास्त्र हॉर्लिक बंधूंनी कारखान्यात नेले, ते या देशातील घरांना परके नव्हते, हे विसरता कामा नये. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवण्याची रीत महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जुनी आहे. मोडांमुळे पेज पातळ होते आणि लहान मुलाच्या इवल्याशा पोटात अधिक सकस अन्न जाते, हे आहारशास्त्रानेही मान्य केले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. बिहारचा सत्तू, केरळातील बाळांसाठी केलेले केळ्याचे पीठ, महाराष्ट्राचे मेतकूट ही सारी एका अर्थाने तयार अन्नेच आहेत. एक दिवस खपून केली की महिनाभर पुरतात, आणि त्यांत काय आहे हे करणारीला ठाऊक असते. बचत गटांतील स्त्रियांकडूनही अशी पिठे विकत मिळू शकतात. तेथेही डब्याची मागची बाजू वाचावीच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे सारे एका पेयाने किंवा एका बिस्किटाने झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जिभेला गोडाची सवय कोणत्या वयात लागते आणि ती कोण लावतो, हा प्रश्न उरतोच. अनेक घरांत ती सवय लावणारा हात प्रेमाचाच असतो. त्या हाताने डबा फळीवरून काढताना एवढेच मनात आणावे: यावर ‘पौष्टिक’ ऐवजी ‘मिठाई’ असे लिहिलेले असते, तर हा पदार्थ मुलाला रोज दिला असता काय? उत्तर ‘नाही’ असे आले तर तो डबा घरातून हद्दपार करण्याचीही गरज नाही. जिलेबीला जी जागा दिली आहे, तीच त्याला द्यावी.