घरच्या उजेडात मुलीचा फोटो

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



संक्रांतीचे हळदीकुंकू सुरू झाले की आपल्या आळीत दरवर्षी आणखी एक गडबड सुरू होते. ज्यांच्या मुली बारावीला आहेत त्यांच्या घरची कपाटे उघडतात आणि साड्या खाली येऊ लागतात. कॉलेजातला निरोपसमारंभ जवळ आलेला असतो. त्या दिवशी मुली हौसेने आईची साडी नेसतात, ब्लाउजला टाके घालून घेतात आणि चपला पायांत सरकवता सरकवता म्हणतात, "आई, पटकन एक फोटो काढ ना!"

हा पटकन काढलेला फोटो कसा येतो ते आपणां सर्वजणींना ठाऊक आहे. मागे गॅसची शेगडी, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, डोक्यावर उगवल्यासारखे दिसणारे कॅलेंडर आणि मुलीचा चेहरा अर्धा अंधारात! पुढे महिनाभरात परीक्षा येते, मग निकाल लागतो आणि मुलगी शिकायला कुठे परगावी, वसतिगृहात निघून जाते. घरात उरतो तो एवढाच फोटो. तो जरा मन लावून काढता यावा, म्हणून आजचा विषय निवडला आहे.

फोटो काढणे हे आपले काम नव्हे, असे काही भगिनींना वाटत असेल. त्यांच्यासाठी एका बाईंची हकिकत सांगते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हे त्यांचे नाव. जन्म १८१५ सालचा, आपल्याच देशातला, कलकत्त्याचा. पुढे त्या इंग्लंडात राहू लागल्या. १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या लेकीने आणि जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला. तोवर त्यांचा जन्म घरसंसारात गेलेला. त्यांनी कोळशाच्या खोलीत फोटो धुण्याची सोय केली आणि काचा लावलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला! घरची मुले, शेजारीपाजारी, घरातली मोलकरीण यांना समोर बसवून त्यांनी फोटो काढले. एका फोटोसाठी माणसाला काही मिनिटे न हलता बसावे लागे. आज ते फोटो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहेत. आपल्या हातातल्या फोनला तर क्षणभरही पुरतो. तेव्हा आपणांस का जमू नये?

आता मुद्द्याकडे वळते. फोटो म्हणजे उजेड. म्हणून आधी एक दिवस आपल्याच घरात हिंडून पाहावे, की सकाळी नऊला कोणत्या खिडकीत उजेड असतो आणि चार वाजता कोणत्या. ऊन थेट आत न येता नुसता लख्ख उजेड येतो, ती खिडकी किंवा ते दार आपल्या कामाचे. ऊन येतच असेल तर खिडकीवर पांढरी ओढणी किंवा जुने धोतर बांधावे, म्हणजे उजेड गाळल्यासारखा मऊ होतो. मुलीला खिडकीपासून दोनतीन हातांवर उभे करावे आणि उजेड तिच्या तोंडावर समोरून न येता तिरपा येईल असे वळवावे. तिरप्या उजेडाने नाक, गाल, हनुवटी यांना उठाव येतो. दुसऱ्या बाजूला फार अंधार वाटला तर तिकडे कोणाला तरी पांढरी चादर धरून उभे करावे. चादरीवरून परतलेला उजेड ती बाजू उजळतो. घरातले दिवे मात्र बंद ठेवावेत. पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो. भर दुपारी अंगणात फोटो काढू नये. ऊन डोक्यावरून येते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो.

दुसरी गोष्ट अंतराची. फोन तोंडाजवळ नेऊन फोटो काढला तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात. याचा हिशेब सोपा आहे. नाकाचे टोक कानांपेक्षा सुमारे पाच इंच पुढे असते. फोन नाकापासून एक फुटावर धरला तर नाक बारा इंचांवर आणि कान सतरा इंचांवर. म्हणजे कान जवळजवळ दीडपट दूर, म्हणून ते बारीक दिसतात. तोच फोन पाच फुटांवर नेला की साठ आणि पासष्ट, हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. म्हणून पाचसहा फूट मागे सरावे आणि फोनला जवळचे दाखवणारी दुसरी काच असेल तर ती वापरावी. नसेल तर भोवतालची जागा मागाहून कापता येते. फोन मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. हल्ली मुली आयांपेक्षा उंच होतात. तसे असेल तर आपण खुशाल पाटावर उभे राहावे! साडीचा पायापर्यंत पूर्ण फोटो हवा असेल तर मात्र फोन तिच्या कमरेच्या उंचीवर आणावा. वरून काढल्यास पाय आखूड दिसतात.

फोटोपूर्वी फोनची काच पुसण्यास विसरू नये. आपले हात दिवसभर तेलातुपात. त्या बोटाचा ठसा काचेवर असला की सगळा फोटो धुक्यात काढल्यासारखा येतो. सुती पदराच्या कोरड्या, स्वच्छ टोकाने काच पुसली की काम झाले. मुलीला भिंतीला टेकवू नये. चारपाच फूट पुढे घ्यावे, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही. मागच्या चार वस्तू उचलून ठेवाव्यात. त्याला दोन मिनिटे लागतात.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगते. ती रंगाची आहे.

माझी मुलगी सावळी आहे. अकरावीच्या प्रवेशासाठी तिचा फोटो एका स्टुडिओत काढला. हाती आला तो फोटो पाहून आम्ही दोघी गप्प झालो. पिठात घोळल्यासारखा पांढरा चेहरा, आणि हनुवटीवरचा तीळही नाहीसा! कोणी सांगितले नसताना हे केलेले, आणि वर "काकू, छान करून दिलाय" असे शब्द. घरी आल्यावर मुलगी बराच वेळ आरशासमोर उभी होती. मग तिने विचारले, "आई, आहे तशी मी वाईट दिसते का गं?" दुसऱ्या दिवशी मी तो फोटो परत नेऊन दिला आणि तिळासकट दुसरा करून घेतला. परंतु तिचा तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

आता ही रंगसफेती करायला स्टुडिओत जावे लागत नाही. पुष्कळ फोनमध्ये 'ब्यूटी' नावाची सोय असते आणि काहींत ती आधीपासूनच चालू असते. ती कातडी गुळगुळीत करते, गोरी करते, काहींत हनुवटीही निमुळती करते. फोटो काढण्यापूर्वी ती शोधून बंद करावी. सावळ्या विठोबाच्या पायांवर आपण डोके ठेवतो आणि घरातल्या सावळ्या लेकीचा फोटो मात्र पुसूनपासून लोकांना दाखवतो, हे बरे नव्हे.

आणि एक ध्यानात घ्या. घरच्या फोटोत मुलगी काळवंडलेली दिसते, ती पुष्कळदा मागच्या उजेडामुळे. मागे उघडी खिडकी किंवा पांढरी भिंत असली की फोनला वाटते, सगळीकडे फारच उजेड आहे. म्हणून तो एकंदर फोटोच मंद करतो आणि चेहरा अंधारात जातो. मागे गडद रंगाचा पडदा किंवा एखादी मोरपंखी, मरून चादर लावून पाहा. मग पडद्यावर मुलीच्या डोळ्यांवर बोट टेकवावे. तेथे बारीक सूर्याचे चित्र आले तर ते वर सरकवल्यास फोटो उजळतो, खाली सरकवल्यास मंद होतो. मुलीचा हात आणि फोटोतला हात शेजारी धरून पाहावेत. रंग जुळला की थांबावे. मऊ तिरप्या उजेडात सावळ्या चेहऱ्याला जे तेज येते, ते फोनच्या समोरून पडणाऱ्या झोताने येत नाही. त्या झोताने नुसते कपाळ चमकते.

मुलीला चष्मा असेल तर तो काढायला लावू नये. रोजचा चेहरा चष्म्याचाच आहे. काचेत खिडकी चमकली तर मान किंचित वळवावी. "हस, हस" असे म्हणू नये. सांगून आलेले हसू दातांपुरतेच असते. हातांचे काय करावे हे मुलींना सुचत नाही, तर त्यांना काम द्यावे. गजरा माळ, निऱ्या सारख्या कर, बांगड्या मागे घे. आणि बोलत राहावे. तिच्या मैत्रिणींच्या गोष्टी विचाराव्यात. बोलता बोलता ती वर पाहते, तो क्षण टिपावा. वीसपंचवीस फोटो काढले तर त्यांतले दोनतीन मनासारखे येतात.

ते दोनतीन कोणते, हे मात्र तिला निवडू द्यावे. आणि तिला विचारल्यावाचून ते व्हॉट्सअ‍ॅपवर लावू नयेत, नातेवाइकांना धाडू नयेत. साडीतला फोटो दिसला की एखादी मामी म्हणतेच, "पाठवून दे, एक स्थळ आहे." भगिनींनो, बारावीच्या कित्येक मुलींना अठरावेही लागलेले नसते, आणि कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय अठरा पूर्ण आहे. हा फोटो तिच्या शिक्षणाच्या एका टप्प्याचा आहे. त्याला दुसऱ्या कामाला जुंपू नये.

निवडलेला एक फोटो कागदावर काढून घ्यावा. फोन हरवतात, बिघडतात. चार इंच बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईसाठी इंचाला तीनशे ठिपके धरतात, म्हणजे बाराशे बाय अठराशे ठिपके लागतात. फोनच्या मूळ फोटोत ते सहज असतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला तर फोटो आक्रसतो, म्हणून दुकानदाराला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. "रंग बदलू नका" हेही आवर्जून सांगावे. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, तारीख आणि साडी कोणाची होती तेही लिहावे. वीस वर्षांनी ते वाचायला गोड वाटते.

शेवटी एकच सांगते. घरातले फोटो चाळून पाहिले तर त्यांत आई क्वचितच दिसते. ती वाढत असते, नाहीतर फोटो काढत असते. तेव्हा मुलीचा फोटो झाला की फोन तिच्या हातात द्यावा आणि त्याच खिडकीपाशी आपण उभे राहावे. केस नीट नाहीत, साडी घरातली आहे, असे म्हणून हात आडवा धरू नये. वसतिगृहात जाताना तिच्या पेटीतही एक फोटो हवा. आणि आपल्याकडे बघून तिलाही कळेल, की आहे तसे उभे राहायला लाजण्याचे कारण नाही.